माहेरच्या नावाची पिशवी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या बाईनं असं बोलू नये म्हणतात, गिऱ्हाईक बिचकतं. बिचकू दे. अमरावतीतल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करते आणि लोकांच्या कामाच्या वाटा सर्व्हरवर बसवून देते. कुठल्याही कचेरीत कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो ना, तसंच, फक्त कागद नाही. पडद्यावर चौकोन काढायचे, त्यांना बाण जोडायचे, कोणतं काम कुणाकडे जाईल ते ठरवायचं. मग सर्व्हर ती वाट राखत बसतो, एक काम झाल्याशिवाय पुढचं सोडत नाही. हा सर्व्हर ओपन सोर्स, म्हणजे विकत घ्यावा लागत नाही. फुकट ते पौष्टिक, असं आमचे साहेब म्हणतात. त्या फुकटच्या वस्तूची जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडते, हे त्यांना विचारायला पाहिजे.

अकोल्याच्या एका दवाखान्यात हे बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी भ्यालेच. आधी मी नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात बसवलं होतं. तिथं काही चुकलं तर सुताचा ट्रक फाटकावर अडकतो, ड्रायव्हर चार शिव्या घालतो, संपला विषय. इथं रक्ताच्या पिशव्या होत्या. वॉर्डातून पिशवीची मागणी आली की ती रक्तपेढीत जाणार. तिथल्या डॉक्टरीणबाई पेशंटचं रक्त तपासून 'पडताळणी' नावाच्या चौकोनात होकार देणार. होकार मिळाला की पेशंटच्या नोंदीत जो रक्तगट असेल, त्याची पिशवी द्या असं रक्तपेढीच्या खिडकीवरच्या माणसाला पडद्यावर दिसणार.

वॉर्डातल्या सिस्टरांनी माझ्याशी भांडून पाहिलं. "म्याडम, घाईच्या वक्ताले हे चौकोन कोण पाहत बसन? आमाले ओलांडता येऊ द्या." मी ऐकलं नाही. पडताळणी कुणालाच ओलांडता येणार नाही असंच बसवलं. कुणालाच म्हणजे, माझ्याशिवाय. नवा सर्व्हर कुठं अडकला तर सोडवायला कुणीतरी लागतं, म्हणून सुरुवातीला तो अधिकार माझ्या खात्यावर ठेवला होता. सर्व्हर सुरू केला त्या दिवसापासून मी देव पाण्यात घालूनच बसले होते.

आणि त्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण तिथं बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती दर्यापूरकडच्या सासरहून मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी आली होती. कळा सुरू झाल्या तशा बाबांनी जीप केली आणि थेट अकोला गाठलं. "आपली मोठी तिथंच हाये, मंग काय्‌चं भेव?" असं आईला म्हणाले म्हणे. सकाळी मुलगी झाली. गोरी, जावळ दाट, रडणं असं की सगळा मजला जागा. मी सर्व्हरच्या खोलीत सगळ्यांना बर्फी वाटली.

दुपारी आई दारात येऊन उभी राहिली.

"तिचं अंगावरून जानं थांबून नाही राह्यलं वं," ती म्हणाली.

मी लॅपटॉप काखेत मारून धावले. बाळंतिणींच्या खोलीचं दार बंद होतं. आतून सिस्टर धावत बाहेर यायची, कापसाचे गठ्ठे घेऊन परत आत जायची. डॉक्टरांनी रक्त मागवलं होतं आणि रक्त येत नव्हतं. सिस्टरनं रक्तपेढीत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर फोन लावला. घंटी वाजत राहिली, उचलायला कुणी नाही.

मी बाकावर बसून लॅपटॉप उघडला. मागणी गेलेली दिसत होती. पुढचा चौकोन लाल होता, पडताळणी बाकी. वर बहिणीचं नाव. लग्नात तिचं नाव बदललं, सासरी तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतात, पण इथं तिचं माहेरचं नाव होतं, पुढं बाबांचं नाव, आमचं आडनाव. भरती करताना खिडकीवर बाबांनी सवयीनं तेच सांगितलं असणार. ते नाव पाहून मला इतकं बरं वाटलं! नाव बरोबर, वॉर्ड बरोबर, मागणी बरोबर. मग मेलं अडलं कुठं?

"काय झालं?" बाबा माझ्या खांद्यावरून वाकले.

"पडताळणी व्हायची आहे."

"हे मशीन तूच बसवलं ना?"

"हो."

"तुले सोडवता येते का नाही, तेवढं सांग."

खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. "येतं," मी म्हणाले.

"मंग काहून बसून राह्यली माय? दाब ना!"

मी पडताळणी ओलांडायच्या बटणाजवळ बाण नेला. मी शहाणपणानं थांबले असं कृपा करून कुणी म्हणू नये, शहाणपण त्या वेळी माझ्याजवळ औषधालाही नव्हतं. होती ती नुसती भीती. दाबलं तर काय होईल याची भीती, नाही दाबलं तर काय होईल याची त्याहून मोठी. त्या दोन्हींच्या मध्ये मी चिरडली जात होते.

"तिकडं पोरगी चालली अन् तू पाहून राह्यली? तुले बहिणीपक्षा हा डब्बा जास्त झाला काय?" बाबा असं आयुष्यात कधी बोलले नव्हते. मग त्यांनीच हात पुढं केला. नांगर धरून जाड झालेलं त्यांचं बोट लॅपटॉपकडे आलं आणि मी खाडकन झाकण मिटलं. ते हटले नाहीत, तर मी लॅपटॉप छातीशी धरून जिन्याकडे पळाले. मागून आई रडत होती. बाबांनी मला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही.

खाली रक्तपेढीत डॉक्टरीणबाईंची खुर्ची रिकामी. खिडकीवरचा माणूस फ्रीजजवळ तयारच उभा होता. "म्याडम कुठं गेल्या, मले नाही मालूम. पडद्यावर आलं का मी लगेच देतो पिशवी. एक मिनिट नाही लागत," तो म्हणाला. तशीच उलट्या पावली वर आले, तर डॉक्टरीणबाई माझ्या बहिणीच्या खोलीतून बाहेर येत होत्या. हातात ताज्या रक्ताची नळी.

"ही बाई नेमकी कोण आहे?" त्यांनी मलाच विचारलं. "तुमच्या सर्व्हरवरच्या नोंदीत रक्तगट 'बी' लिहिलाय. मागणीसोबत आलेल्या पहिल्या नळीत मला 'ओ' दिसला. म्हणून लिफ्टनं स्वतः वर येऊन परत रक्त घेतलं."

मग उलगडलं. त्याच नावाची, त्याच मधल्या नावाची, त्याच आडनावाची, जवळपास त्याच वयाची दुसरी एक बाई आदल्या दिवसापासून वरच्या मजल्यावर भरती होती. बाबांनी माहेरचं नाव सांगितलं, भरतीच्या खिडकीवरच्यानं ते टाईप केलं, कॉम्प्युटरनं ती बाई दाखवली आणि त्यानं घाईत 'जुना पेशंट' म्हणून पुढं जाऊ दिलं. माझ्या बहिणीची सगळी नोंद तिच्या नावात मिसळली होती. मी बटण दाबलं असतं, तर रक्तपेढीतल्या त्या माणसानं एका मिनिटात बी गटाच्या रक्ताची पिशवी काढून दिली असती. ओ रक्ताच्या बाळंतिणीला ते चढलं की काय होतं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या नळीतही ओ निघाला आणि पिशवी आली. थेंब थेंब पडताना आम्ही तिघं दाराच्या काचेतून पाहत होतो. दिवस कलायच्या आत डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता काळजी नाही. आईनं त्यांच्यापुढे हात जोडले ते तिला सोडताच येईनात.

ओलांडायचा तो अधिकार मी त्याच दिवशी माझ्या खात्यावरून काढून टाकला. सर्व्हर अडला तर काय करशील म्हणून साहेब फोनवर ओरडले. अडू दे म्हटलं, आणि फोन ठेवला.

बाबा बाकाच्या टोकाला बसून होते. डॉक्टरीणबाईंचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी डब्यातली पोळी त्यांच्यापुढे धरली, त्यांनी घेतली नाही. आपल्या हाताकडे पाहत राहिले.

"माय," ते म्हणाले, "तू झाकण नसतं लावलं, तं पोरीले म्याच मारलं असतं ना?"

मी त्यांच्याजवळ बसले. नाही म्हणणं खोटं झालं असतं, म्हणून पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या त्या हातावर ठेवला.