ताईनं गार केलेली बाटली
ओल्या पोत्याचा वास आला की मला तीर्थपुरीतलं ताईचं सासर आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि कोल्ड्रिंकची रोजची सवय सोडून जेमतेम महिना झाला होता. गावाचं पाणी उपसून बाटलीत भरणाऱ्या कंपन्यांना घोटभरही साथ देऊ नका, असं आमच्या कॉलेजातल्या गटाच्या पत्रकात मीच लिहिलं होतं. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो, तर तिनं रांजणाशेजारच्या ओल्या पोत्यातून नारंगी बाटली काढली. "तुझ्यासाठी सकाळीच गार करायला ठेवल्ती." मी म्हणालो, "सोडलं मी ते." तिचा चेहरा उतरला. त्या घरात तिनं आपल्या मनानं केलेला तो पहिला पाहुणचार होता आणि सासू दारातून बघत होती. "बहिणीच्या घरचं चालत न्हाई का आता?" ताईनं हळूच विचारलं. पत्रकातली सगळी वाक्यं ओठांवर आली होती. पण एकदम आठवलं, लहानपणी परतूरच्या बाजारात बाटली नेहमी माझ्यासाठी यायची आणि ताईच्या वाट्याला तळातला घोट. "तू पी," मी म्हणालो, "सगळी." ती सासूकडे बघायला लागली. "पे की गं," सासू म्हणाली, "भाऊ देऊन राह्यला, मंग माझ्याकडं काय बघती?" ताई उंबऱ्याशी बसून प्यायली. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी असा ढेकर आला की सासूच आधी हसली. मी अजूनही ते पीत नाही, त्याविरुद्ध लिहितोही. पण ताईकडे जाताना एक बाटली घेऊन जातो आणि तिच्यापुढे भाषण करत नाही.