तांबूस मूग आणि जाऊचे लुगडे

यंदाच्या उन्हाळी मुगाची पानं तांबूस पडली. वरून जुन्या तांब्याच्या वाटीसारखी, अन् उलटून पाह्यलं तं खालून हिरवीगार! माह्या मनात पहिल्यांदा धाकटी जाऊच आली. दोघींचे वावर लागून, मधात नुसता धुरा, मातीचा बांध. मालेगावहून तणनाशकाचा डबा आणताना मी तिले पाह्यलं होतं. त्याच हप्त्यात तिनं धुऱ्यावर फवारा मारला. आता सांगा, शंका कोणाले येणार नाही?

मी बोलणं बंद केलं. आठ दिवसांनी ठरवलं, उद्या सकाळी तंटामुक्ती समितीत तक्रार द्यायची. तक्रार गेली की सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही मोडणार, हे ठाऊक होतं. तरी ठरवलं.

लेक शेतीचं शिकलेली. तिले फोनवर फोटो धाडले. ती म्हणे, "आई, औषधानं पान पिळल्यासारखं होते. हे तसं नाही. उन्हात डोळ्याले न दिसणारे किरण असतात, अतिनील म्हणतात. ते वाढले की मूग, सोयाबीनची पानं अशी वरूनच करपतात. पण फोटोवरून पक्कं नाही सांगता येत."

"जे दिसत नाही त्याच्यावर कायले शंका घेऊ? जाऊ तं दिसते!"

"मग तिचा फवारा असंल तं धुऱ्याजवळचा मूग आधी जळाला असंल. जाऊन पाह्य."

सकाळी तक्रारीच्या आधी वावरात गेली. रोही-डुकरं येऊ नये म्हणून धुऱ्यावर धाकट्या जाऊनं जुने लुगडे बांधले होते. वाऱ्यानं सैल होऊन ते माह्या मुगावर लोळत होते. खालचा मूग हिरवा! विहिरीकडचा, जाऊच्या धुऱ्यापासून सगळ्यात लांबचा, तोच जास्त तांबूस. तिथंही लिंबाच्या सावलीतला तेवढा टवटवीत. फवारा काय सावली पाहून पडते?

"काय जाऊबाई, माह्या लुगड्यांची झडती घेऊन राह्यल्या काय?" जाऊ पलीकडं उभी होती.

"तुह्या लुगड्यानं माहा मूग वाचवला वं. अजून असतीन तं दे."

तिनं मले खालून वरून न्याहाळलं. "आठ दिवस तोंड फिरवून होत्या. आता एवढ्या गोड काहून?"

"ऊन लागलं म्हण."

ती हसली नाही, पण घरून दोन लुगडे घेऊन आली. तक्रारीले मी गेलीच नाही. लुगडे मात्र अंथरायच्या आधी नाकाशी धरून पाह्यले. औषधाचा वास नव्हता.

मान वर केली तं जाऊ पाहूनच राह्यली होती.