‘अनैतिक संबंधातून’ हे सांगितलं कुणी?

झूमवर शिकवायला लागल्यापासून मी ओरडून बोलायला लागले होते. नेदरलँड्समधल्या न्यूनेनच्या आमच्या घरात खाली नवऱ्याच्या मीटिंगा, मधल्या मजल्यावर लेकीची डच शाळा आणि वर माळ्यावर, उतरत्या छपराखाली, माझा वर्ग. “आई, यू आर शाउटिंग अगेन,” असं लेक जिन्यातून सांगून जायची. ओरडू नको तर काय! माझं विद्यापीठ ग्रोनिंगनला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि विद्यार्थी म्हणजे काळे चौकोन. कोण उंच, कोण बुटकं, काही पत्ता नाही.

विषय होता, आदिवासी स्त्रियांवरच्या हिंसेच्या बातम्या वृत्तपत्रं कशी देतात. मी त्यांना एक साधा उद्योग दिला होता. बातमीतलं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं, हे सांगितलं कुणी? पोलिसांनी सांगितलं तर निळं रंगवायचं, त्या बाईच्या माणसांनी सांगितलं तर पिवळं. सांगणाराच सापडला नाही तर पांढरं सोडायचं. कॅनडाच्या बातम्या रंगवल्या, ऑस्ट्रेलियाच्या रंगवल्या, पडदा नुसता निळाशार. एकेक कॅमेरा सुरू व्हायला लागला. पोरं चिडली होती आणि मला, खोटं कशाला बोलू, भलताच आनंद होत होता. चिडलेला वर्ग मिळायला नशीब लागतं.

त्या वर्गात एक मुलगी सातपुड्यातली होती. घरी पावरी, शाळेत मराठी, आता इथे स्कॉलरशिपवर इंग्रजीत. तिचा कॅमेरा कधीच सुरू नसायचा. एक दिवस तास संपताना तिने मला एकटीला मराठीत लिहिलं, “मॅडम, माझ्या मावशीची बातमी घेऊ या का वर्गात?”

मी लगेच तिला फोन केला. मावशी विधवा होती. गावाबाहेरचा एक माणूस लग्न कर म्हणून तिच्या मागे लागला होता, तिने नाही म्हटलं, त्याने तिचा जीव घेतला. त्याला शिक्षाही झाली. पण बातमी अजून वेबसाइटवर तशीच होती: ‘अनैतिक संबंधातून आदिवासी महिलेचा खून’. लॉकडाउनमध्ये अभ्यास मोबाइलवर आला आणि आश्रमशाळेतल्या मुलींना ती सापडली. मावशीची मुलगी त्याच शाळेत. मुली तिला आईवरून बोलायला लागल्या. आता शाळा पुन्हा उघडणार होती आणि ती म्हणत होती, मी जाणार नाही, शिकणंच नको मला.

“शाळा उघडायच्या आत ती ओळ जायला हवी, मॅडम. नाहीतर तिचं संपलं,” माझी विद्यार्थिनी म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. लग्नाआधी मी एका वृत्तपत्राच्या जिल्हा पानावर नोकरी केलेली, त्यामुळे ही ओळ मला चांगली ओळखीची. बाई मेली की तिला चिकटवून टाकायची!

बातमीचं भाषांतर आम्ही वर्गात रंगवलं. सगळं निळं. फक्त मथळा पांढरा. तिच्याकडे कोर्टाचं निकालपत्र होतं, त्यात ‘संबंध’ हा शब्दसुद्धा नव्हता. एक डच मुलगी म्हणाली, “मग त्यांना फोन करून विचारू की, कुणी सांगितलं.”

“अगं, असं कुणी फोन करत नाही,” मी म्हटलं.

“का?”

इथली माणसं डॉक्टरला, नगरपालिकेला, सासूलासुद्धा थेट तोंडावर विचारतात. मी वृत्तपत्राचा नंबर शोधायला घेतला.

गुरुवारी सातपुड्याच्या मुलीने भर वर्गात वृत्तपत्राला फोन लावला. तिकडे दुपार. सगळ्यांचे माइक बंद, आणि पहिल्यांदाच तिचा कॅमेरा सुरू. केस तेल लावून घट्ट बांधलेले. एक शब्द कळत नसताना पोरं श्वास रोखून ऐकत होती. उपसंपादक आवाजावरून भला वाटत होता.

“ताई, जुनी बातमी आहे ती. कोण वाचतंय आता?”

“तिची मुलगी वाचते, सर.”

“पोलिसांनीच सांगितलं असेल हो.”

“निकाल माझ्याकडे आहे. त्यात कुठेच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“म्हणजे… बाईचा खून असला की तसं टाकायची पद्धतच आहे.”

मी मध्ये तोंड घालणारच होते! पण तीच शांतपणे म्हणाली, “मग पद्धत चुकीची आहे, सर. आणि मावशीला नाव होतं. तेही तुम्ही टाकलं नाही.”

“बरं, निकाल पाठवा. सोमवारी बघतो.”

फोन ठेवला. तिने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आपल्याकडे ‘सोमवारी बघतो’ म्हटलं की समजून घ्यायचं. मला रडूच यायला लागलं. आणि इकडे मी भाषांतर केलं मात्र, वर्गात जल्लोष! त्यांच्या दृष्टीने माणसाने तारीख दिली होती. सगळ्यांनी आपापल्या अजेंड्यात, म्हणजे इथल्या डायरीत, लिहूनसुद्धा टाकलं. इथे आजीकडे चहाला जायचं तरी अजेंड्यात लिहावं लागतं, दिलेली वेळ म्हणजे दिलेली वेळ. मी समजावायला गेले, “अरे, तसं नसतं ते,” पण कुणी ऐकेल तर शपथ.

सोमवारी सकाळी त्या बिचाऱ्याच्या मेलमध्ये ग्रोनिंगनहून पत्रांची रांग लागली. सातपुड्याच्या मुलीकडून त्यांनी एक वाक्य मराठीत शिकून घेतलं होतं: ‘सर, आज सोमवार आहे. बघितलं का?’ प्रत्येकाने तेवढंच लिहिलेलं. खाली सही आणि निकालाची प्रत. मी कपाळाला हात लावला आणि पोट धरून हसले.

दुपारी त्याचा तिला फोन आला. “ताई, तुमच्या त्या परदेशी मुलांना आवरा हो. केलंय मी.”

पुढच्या तासाला नवी बातमी पडद्यावर लावली. मथळा होता, ‘लग्नाला नकार दिल्याने महिलेचा खून’. पहिल्याच ओळीत मावशीचं पूर्ण नाव. शेवटी एक वाक्य, की आधीच्या मथळ्याला कसलाही आधार नव्हता. सगळे टाळ्या वाजवत होते, पण तिचं लक्ष फोनकडे. मावशीच्या मुलीला तिने लिंक पाठवली होती आणि गावात रेंज फक्त टेकडीवर. माझा जीव टांगणीला. शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती.

तास संपता संपता व्हॉइस मेसेज आला. तिने तो सगळ्यांना ऐकवला. वारा भणभणतोय आणि एक पोरगी मोठ्याने, अडखळत, अख्खी बातमी वाचतेय. आईच्या नावाशी थांबली, आणि ते नाव तिने पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “ताई, मी उद्या जातेय शाळेत. कुणी काही बोलायच्या आधी मीच वाचून दाखवणार आहे.”