अंधारात हाताला येईल ती पिशवी

वायरमनच्या पिशवीत सगळ्यात आधी काय हवं, सांगा बघू?

पक्कड म्हणालात ना? लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा मीही तेच म्हणाले होते. वीजवाल्याच्या घरात राहून असे किस्से किती साठले म्हणून सांगू! फळीवरच्या डब्यांसारखं झालंय. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात.

आमच्या ह्यांचं वायरिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या. सगळे ह्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "पहिली वस्तू मेणबत्ती! लोक आपल्याला बोलावतात कधी? दिवे गेल्यावर. म्हणजे आपण जाऊ तिथं अंधार आधीच जाऊन बसलेला."

एकदा एका किराणा दुकानदारानं ह्यांना फ्यूजपाशी मेणबत्ती लावताना पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला. "आवं मास्तर, मेणबत्तीच लावायची हुती तर आमाला वीज कशापायी घ्यायला लावली?"

*

ह्या अंधारावरूनच दुकानात एक रीत पडली होती. नव्या माणसानं आपली पिशवी आपणच निवडायची. मग मास्तर त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधणार आणि एकेक हत्यार मागणार. न चाचपडता हातात आलं, तर तो वायरमन. तोवर हेल्पर!

निवृत्ती आला तो लढाई संपल्यावर. कुंडलचा गडी, मिलिटरीतनं सुटून आलेला, मिशा राखलेला. लग्न झालं होतं, पण बायको माहेरी, विट्याला. सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "हेल्परच्या घरी लेक धाडणार न्हाई. वायरमन झालास की सांग." त्यामुळं इतरांना जी नुसती पिशवी, तिच्यावर निवृत्तीचा सगळा संसार अडला होता.

माझ्याकडं शिवणाचं मशीन होतं. मीच शिवून दिली असती, पण लढाईपायी कापड कंट्रोलात, माणशी मोजून मिळायचं. जाड कापड तर बघायलाही मिळत नव्हतं.

"राहू द्या वैनी," निवृत्ती म्हणाला. "माझी मिलिटरीची हाय की! ह्यात विषारी वायूचा मुखवटा असायचा. लय भक्कम!"

भक्कम होतीच. पण कप्पा एकच. डोळे बांधल्यावर मास्तर म्हणाले, "स्क्रू-ड्रायव्हर!"

निवृत्तीनं हात घातला, कोपरापर्यंत घातला, आणि बाहेर काढली भाकरी.

मास्तर शांतपणे म्हणाले, "हं. आता फिरव स्क्रू!"

*

मग त्यानं कोल्हापूरहून चामड्याची बॅग आणली. चार कप्पे, पितळी बक्कल. ती खांद्याला लावून ऐटीत निघाला, तो नेमका एका जैन व्यापाऱ्याच्या घरी. उंबऱ्यावर त्यांच्या आजी उभ्या.

"काय हाय रं हातात?"

"बॅग, आजी."

"कशाची?"

"कोल्हापूरची."

"गावाचं न्हाई इचारलं! चामडं आत येणार न्हाई."

बिचाऱ्यानं फेटा सोडला, हत्यारं त्यात बांधली आणि बोडक्या डोक्यानं आत गेला. तो काम करत असताना आजी शेजारीच पाट घेऊन बसल्या. त्यांना एक शंका होती. "दिव्यावर किडं येत्यात, मरत्यात. आमी दिस मावळायच्या आत जेवतो ते त्यापायीच. किडं येणार न्हाईत अशी वीज मिळत न्हाई का रं?"

संध्याकाळी त्यानं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी बराच विचार केला.

"मिळते की," ते म्हणाले. "स्विच बंद केल्यावर!"

*

तिसरी पिशवी त्यानं साताऱ्याच्या बाजारातनं आणली आणि मला दाखवायला धावत आला. "वैनी, बघा! हरेक हत्याराला येगळी जागा!"

मी बघितलं आणि मला हसू आवरेना. ती न्हाव्याची धोकटी होती!

तीच घेऊन निवृत्ती आणि मास्तर साताऱ्याला एका लग्नघरी दिवे लावायला गेले. निवृत्तीनं मांडवात धोकटी उघडली मात्र, एक म्हातारेबुवा समोर येऊन मांडी घालून बसले आणि मान खाली घातली.

"मानेवरचं जरा बारीक कर रं. वऱ्हाड निघायचंय."

"आवं आजोबा, मी न्हावी न्हवं. वायरमन हाय."

मागून मास्तर खाकरले, "हेल्पर!"

"आसशील की हेल्पर," म्हातारेबुवा मान वर न करताच म्हणाले. "कात्री हाय न्हवं?"

पुढं शिडीवर चढल्यावर धोकटीची खरी खोड कळली. जमिनीवर पसरली तर ती गुणाची. वर टांगली की सगळं खाली. पक्कड सुटली ती थेट मास्तरांच्या पायावर. एका पायावर नाचत ते ओरडले, "सापडली रं, पक्कड सापडली!"

*

त्यानंतर निवृत्तीचं जेवणावरनं लक्ष उडालं. दुपारी भाकरीसुद्धा नीट खाईना. त्यातच एके दिवशी सासरे, म्हणजे त्याचे मामा, विट्याहून आले. सांगलीत बैल बघायला आलोय म्हणाले. बैल राहिले बाजूला, ते दुकानाच्या पायरीवर बसून मास्तरांशी बोलत राहिले.

बोलता बोलता मामांनी कमरेची चंची सोडली. नजर रस्त्यावर, तोंड चालू, आणि बोटं आपली चंचीत. एका कप्प्यातनं पान आलं, दुसऱ्यातनं सुपारी, तिसऱ्यातनं कात, मग तंबाखू, मग चुन्याची डबी. एकदाही खाली बघितलं नाही!

मी दारात उभी होते. माझं लक्ष चंचीकडं. निवृत्तीकडं बघितलं, तर त्याचंही चंचीकडं. मास्तर तर बोलायचेच थांबले.

"मामा," निवृत्ती म्हणाला, "ती चंची जरा दावा की."

"तंबाखू खायाला लागलास व्हय रं?"

"न्हाई मामा. नुसती बघतो."

मी लगोलग मिलिटरीची पिशवी उसवली आणि त्या कापडाची कमरेला बांधायची चंची शिवली. कप्प्यावर कप्पा, आणि एका हातानं उघडेल अशी. मामा मशीनपाशी येऊन बघून गेले. "आगं बया! एवढी मोठी चंची? तंबाखू खायाचा हाय का पेरायचा?"

तिसऱ्या प्रहरी निवृत्तीनं हत्यारं भरली, मेणबत्ती सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली, चंची पायरीवर मामांच्या शेजारी ठेवली आणि तो हातपाय धुवायला गेला. परत येऊन त्यानं ती कमरेला बांधली. मास्तरांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"पक्कड!"

आली.

"स्क्रू-ड्रायव्हर!"

आला.

"फ्यूजची तार! गिरमिट! कात्री!"

एकेक हातात येत गेलं. मास्तरांनी शेवटचं नाव घेतलं.

"मेणबत्ती!"

निवृत्तीनं वरच्या कप्प्यात हात घातला आणि पुढं केला. तळहातावर विडा होता. चांगला लवंग टोचलेला, गोविंद विडा!

डोळे बांधलेला निवृत्ती तसाच हात पुढं करून उभा. मास्तरांनी विडा उचलला आणि तोंडात टाकला. "आणि मेणबत्ती?" ते चघळत चघळत म्हणाले.

मामा रस्त्याकडंच बघत होते. त्यांनी आपल्या चंचीत हात घातला, खाली न बघता मेणबत्ती काढली आणि जावयाच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीनं विट्याहून बायको यायची म्हणून आमच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत वीज नव्हती.