दीपमालाताईंचा पहिला अर्धा तास

दीपमालाताई मूळच्या बीडच्या. नऊ वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी कनेक्टरमध्ये बसवतात. मी साहित्यात बीए करून त्याच लाइनवर तपासणीला लागले. सदोष नगाला लाल टॅग बांधायचा, त्यावर वेळ आणि कारण लिहायचं, हे माझं काम.

गेल्या वर्षी ताईंचे नग परत येऊ लागले. वायर आत पूर्ण बसलेली नसायची. मी कारण लिहायचे : निष्काळजीपणा.

शिफ्टच्या आधी त्या मुठी आवळत बसायच्या.

"ताई, कुस्तीला उतरताय का?" सुपरवायझर नवनाथ म्हणाला.

"उतरते की. आधी तुलाच चीत करते."

सगळे हसले. पण महिनाअखेरीस त्याने स्पष्टच सांगितलं, "असंच चाललं तर कंत्राट वाढणार नाही." घरात कमावत्या त्या एकट्याच.

दोन डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. पिंपरीच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे त्यांच्यासोबत मी गेले.

"काम करून हात गळतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"उलटं आहे साहेब. काम केलं की हातात जोर येतो."

"मग चुका कधी होतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी फोनमधले टॅगचे फोटो दाखवले. ताईंचा प्रत्येक सदोष नग सकाळी सात ते साडेसातमधला, म्हणजे शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासातला होता. इतके दिवस मीच वेळ लिहीत होते आणि मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. नसेच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. संदेश आला की तिथली दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या फुटतात. रसायन फट ओलांडून स्नायूला पोचतं, तेव्हा बोट हलतं. ताईंचं शरीरच ती दारं बंद करत होतं. मुठी आवळून आवळून थोडं कॅल्शियम साचायचं, मग पिशव्या फुटायच्या.

तपासणीत तेच निघालं. या आजारामागे कधीकधी फुप्फुसाचा कर्करोग असतो. ताईंचं स्कॅन स्वच्छ आलं.

औषध लागू पडलं. रिपोर्ट पाहून नवनाथने स्वतः ऑफिसात जाऊन कंत्राट वाढवून आणलं.

मी माफी मागायला गेले. ताई डबा उघडत होत्या.

"कारण चुकलं गं तुझं," त्या म्हणाल्या. "पण वेळ नीट लिहिलीस. कुणी लिहितं का एवढं? बस, जेव."