कार्ड की रोख?

लव्हर्न मॅब्री हा एकच प्रश्न बावीस वर्षं विचारत आली होती. जॉर्जियातल्या त्या लष्करी छावणीच्या मेसच्या दारातच तिचं टेबल. बराकीत राहणारा शिपाई कार्ड दाखवून फुकट जेवायचा. लग्न करून बाहेर बिऱ्हाड थाटलेल्याला सरकार घरभाड्याचा आणि जेवणाचा भत्ता द्यायचं, म्हणून त्याने मेसमध्ये रोख पैसे मोजायचे. पण तेवढ्या दोन शब्दांवरून लव्हर्नला माणसाची कुंडली कळायची. काल "कार्ड" म्हणणारा आज "रोख" म्हणाला, की ती विचारायची, "अडकलास का रे? अभिनंदन!" आणि तोच वर्षभराने पुन्हा कार्डावर आला, की काही न बोलता त्याला आत सोडायची.

टोबायस क्रीलचं मात्र गणित जुळत नव्हतं. विशीतलं पोर, बोटात कोरी करकरीत अंगठी आणि तोंडाने "कार्ड". महिना उलटला तरी कार्डच! मेसमध्ये बसून जेवा किंवा एक डबा भरून न्या, असा नियम. हा रोज डबा न्यायचा आणि दिवसेंदिवस त्याचा पट्टा आत आत सरकत चालला होता. डब्यातलं निम्मं कुणाच्या पोटी जातंय, हे न कळायला लव्हर्न काही दुधखुळी नव्हती.

या आठवड्यात त्याच्या हातात एक डबा आणि शर्टाखाली दुसरा दिसू लागला. नेमका याच सोमवारी मेसवर नवा सार्जंट आला होता. प्रुएट त्याचं नाव. आल्या आल्या त्याने हुकूम काढला, एकाहून जास्त डबे सापडले तर त्याच दिवशी पलटणीला कळवणार.

असा हुकूम लव्हर्नला नवा नव्हता. तिचा नवरा रूफस असाच पकडला गेला होता. छावणीबाहेरच्या खोलीत ती पोटुशी, भत्त्याचा कागद कुठेतरी अडकलेला, आणि रूफसच्या टोपीत तीन उकडलेली अंडी. तीन अंड्यांपायी बाहीवरची फीत गेली, पगार घटला. त्यानंतर मरेपर्यंत त्या माणसाने अंड्याला हात लावला नाही. त्या दिवशी दारात बसलेल्या बाईने मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि तिचा राग लव्हर्नच्या मनात अजून तसाच होता.

बुधवारी दुपारी प्रुएट दाराशी उभा राहून प्रत्येकाला तपासत होता. टोबायसच्या पुढे दोघेच उरले होते. त्याच्या शर्टाचा कोपरा चक्क फुगला होता.

"ए क्रील! इकडे ये. कार्डाचा नंबर चुकलाय तुझा," लव्हर्न ओरडली.

तो आला. चेहरा पांढराफटक.

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय?" ती हळूच म्हणाली. "कितवा लागलाय बायकोला?"

"सातवा, मॅडम."

"मग भत्ता कुठाय तुझा?"

"कागद देऊन पाच आठवडे झाले. दोनदा विचारून आलो. पगार कचेरीतला तो खिडकीवाला म्हणतो, हा नाही, दुसरा आण. आता दुसरा कुठून आणू? लग्न एकदाच केलंय मी! घरमालकाने भाड्यासाठी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर जूनीला तिच्या आईकडे धाडावं लागेल, दोन दिवसांचा प्रवास आहे बसने. अशा अवस्थेत!"

"दाखव बघू तो कागद."

त्याने फोनवर फोटो दाखवला. सोनेरी किनार, दोन कबुतरं, खाली पाद्रीबाबांची ऐटदार सही. लव्हर्नने कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, हे चर्चवाल्यांनी भिंतीवर टांगायला दिलंय! सरकारला काउंटीच्या नोंदणी कचेरीतली नक्कल लागते, शिक्क्याची."

"पण पाद्रीबाबांची सही आहे ना?"

"पाद्रीबाबा देवाकडे नोंद करतात, बाळा. देव भत्ता देत नाही."

"काय कुजबुज चाललीय?" प्रुएट टेबलापाशी येऊन ठाकला होता. "शर्टात काय आहे, क्रील?"

टोबायसने शर्टाचा फुगलेला कोपरा हाताने झाकला. लव्हर्नच्या पेन्शनला अजून तीन वर्षं होती आणि खोटं बोलली तर आजच नोकरीवर पाणी. तरी ती बोललीच.

"माझं जेवण आहे, सार्जंट."

"तुमचं? त्याच्या शर्टात?"

"माझ्या गाडीत ठेवायला दिलंय. गार होऊ नये म्हणून आत घातलंय त्याने."

प्रुएटने तिच्याकडे पाहिलं. मग टोबायसच्या अंगठीकडे पाहिलं, त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग त्याने पैशांची पेटी स्वतःकडे ओढली.

"कार्ड की रोख, लव्हर्नबाई?"

बावीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने पर्स उघडली.

"रोख."

त्याने पैसे घेतले, नोंद केली. "उद्यापासून आपलं जेवण आपण न्यायचं," एवढंच म्हणून तो वळला.

"आता बघतोस काय? पळ!" लव्हर्न टोबायसवर खेकसली. "काउंटीची कचेरी चारला बंद होते."

गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. सरकारी काम, सहा महिने थांब, हे लव्हर्नला पुरेपूर ठाऊक होतं. शनिवार-रविवार तिचा जीव टांगणीला लागला. ती पोरगी पोट सावरत बसमध्ये बसली असेल, असंच सारखं डोळ्यांपुढे यायचं.

सोमवारी दुपारी तो रांगेत दिसला. शर्ट सपाट. म्हणजे ती पोरगी गेली की काय?

"कार्ड की रोख?"

"रोख!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की मागचे हसले. "भत्ता मंजूर झाल्याचं पत्र मिळालं, मॅडम. मालकाला दाखवलं. जूनी घरीच आहे."

लव्हर्नने त्याची नोट घेतली आणि पेटीत टाकायला जरा जास्तच वेळ लावला, कारण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं.

"आत अंडी उकडलेली आहेत," ती म्हणाली. "बसून खा. तीन घे."