सकाळची पहिली बाटली

लोक आमच्या लॅबमध्ये बाटली ठेवून जात आणि बाटलीबरोबर एखादा किस्साही. बाटल्या आम्ही फेकून द्यायचो, किस्से मात्र साठत गेले!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात, शुक्रवार पेठेत, डॉक्टरांची छोटी लॅब. मी तिथं टेक्निशियन. मागच्या खोलीत ओल्या पोत्याखाली नर बेडूक. बाईला दिवस गेलेत का, हे तेव्हा बेडूक सांगायचा! बाईची सकाळची पहिली लघवी बेडकाला टोचायची आणि नंतर त्याच्या लघवीचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा. थेंबात बेडकाचे शुक्रजंतू दिसले की पॉझिटिव्ह.

एका सासऱ्यांना हे मुळीच पटेना. म्हणाले, "बेडकाला काय कळतंय ह्यातलं? त्याचं लगीन तरी झालंय का?"

*

वळसंगचा एक मेंढपाळ बायकोची बाटली घेऊन आला. खिशातून आणखी एक काढली.

"ही मेंढीची. गाभन हाय का बगा की."

डॉक्टर वैतागले. "अहो, ही माणसांची लॅब आहे!"

"मग बेडूक कसा चालतो?"

*

एकदा एका सासूबाईंनी केसांच्या तेलाच्या बाटलीतून सॅम्पल आणलं. टोचल्यावर बेडूक बिचारा मेलाच! दुसरं सॅम्पल आणा म्हणून सांगितलं, तर बाई जवळ सरकून हळूच विचारतात, "बेडूक गेला म्हंजी मुलगा का मुलगी?"

*

पुढं बेडूक गेले, काचपट्टीवरची टेस्ट आली. सॅम्पल पाण्यानं किती पट पातळ केलं तरी पॉझिटिव्ह राहतं, त्या आकड्यावरून गर्भ जोर धरतोय का, याचा अंदाज यायचा.

करकंबची कमल सासूबरोबर याचसाठी यायची. आधीची पोटं टिकली नव्हती. या वेळी आकडा दर खेपेला चढत होता, आम्ही सगळेच खूश होतो. आणि एके दिवशी तो धाडकन खाली आला. मी टेस्ट पुन्हा केली. तेच! डॉक्टरांनी दोघींना हळू आवाजात सांगितलं. कमल पदर तोंडात धरून बसली.

सासू म्हणाली, "कशावरनं म्हंता?"

"या बाटलीवरून, आजी."

"मग त्यात पोरीचा काय दोष? तिनं तळाला उलीशी दिली व्हती. डॉक्टरकडं रिकामी बाटली कशी न्यायची? मीच ष्टँडवरच्या नळाचं पानी घालून भरली!"

डॉक्टर ताडकन उठले. दोघींना त्यांच्या सोलापुरातल्या पाहुण्यांकडं मुक्कामाला ठेवलं. सकाळी कमल स्वतःच बाटली घेऊन आली, तळ जेमतेम झाकलेला. टेस्ट केली, तर आकडा आधीच्या प्रत्येक खेपेपेक्षा वर! मला रडूच आलं. डॉक्टर ओरडले, "आजी, चांगलाच जोर धरलाय!"

म्हातारीनं बाटली उजेडात धरून पाहिली. मग सुनेवर डाफरली, "येवढुश्यात येवढा जोर! भरून दिली असतीस तर जुळी झाली असती की!"